औषध न मारलेल्या चार ओळी

पीएच.डी. झाली तेव्हा वाटलं, सुटलो. कसलं काय. नोकरी नव्हती, म्हणून नागपूरला दोन वर्षांची फेलोशिप धरली. तीही अशी, की निम्मा मी वनस्पतिशास्त्राचा आणि निम्मा संख्याशास्त्राचा. एका खात्यात मला आकडेवाला म्हणत, दुसऱ्यात पालेवाला. धड खुर्ची दोन्हीकडे नव्हती. तिसरं वर्ष वाढवून मिळणं दुसऱ्या वर्षीच्या कपाशीच्या हंगामातल्या आकड्यांवर होतं, नाहीतर तिशी उलटून घरी बसायची पाळी.

प्रयोग साधा. पिंपळगाव राजा या आमच्या गावी, आमच्याच वावरात कपाशीच्या आठ ओळी. चार ओळींना औषध मारायचं, चारांना अजिबात नाही, आणि दर पंधरा दिवसांनी झाडागणिक बोंडअळ्या मोजायच्या. रेल्वेनं नांदुरा, तिथून एस.टी., मग दिवसभर वाकून मोजणी. कंबरेचा पार काटा ढिला व्हायचा. मधल्या दिवसांत भाऊ आणि वहिनी वावर बघत.

आकडे भलतेच येऊ लागले. बिनऔषधाच्या ओळींतच अळ्या कमी! पुन्हा पुन्हा मोजल्या, तेच. मी हरखलो. औषधानं अळीला खाणारे किडे आधी मरत असणार, असा तर्क लढवून फेलोशिपच्या गाइडांना लांबलचक पत्र पाठवलं. उत्तर आलं, हे खरं ठरलं तर तिसरं वर्ष मिळालंच समजा.

एकदा सुटी जोडून आली म्हणून मी न कळवता एक दिवस आधी पोचलो. सकाळी वावरात पाहतो तर त्याच चार ओळींत वहिनी ओचा खोचून अळ्या वेचतेय आणि रॉकेलच्या डब्यात टाकतेय.

“वहिनी, हे काय?”

“येचून राह्यली. दर दोन दिसांनी येचतो,” ती सहज म्हणाली. “तुमच्या ओळीले औषध नाही भेटलं ना भाऊजी. तुमचे साहेब येतीन, किडलेली कपाशी पाहतीन, म्हनतीन, याले काई येत नाही. काय इज्जत राह्यते मंग?”

मी वावराच्या कडेला धुऱ्यावर बसलो. रागावणार कुणावर? औषध मारू नका, एवढं भावाला सांगितलं होतं. ते का, हे वहिनीला सांगायचं मला सुचलंच नव्हतं. इतका शिकलेला मी, आणि हा गाढवपणा माझाच.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. आठवडाभर झोप नाही. शेवटी गाइडांना खरं ते लिहिलं. मुदतवाढ मिळाली नाही. ट्रंक घेऊन घरी आलो तेव्हा इतका थकलो होतो, की वाईटसुद्धा नीट वाटेना.

वहिनीनं पाण्याचा तांब्या दिला. ट्रंकेकडे पाहून हळूच विचारलं, “माह्या हातून काही बिघडलं का, भाऊजी?”

“नाही वहिनी. मुदतच संपली.”

ती निर्धास्त होऊन भाकरी टाकायला आत गेली. तिला अजूनही तेच माहीत आहे.