पाणी बदललं होतं
प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशा ती एकवीस वर्षं भरत होती. समुद्रतळाच्या गाळातला एक जिवाणू बुरशीला जवळ फिरकू देत नव्हता. बशीत त्याच्याभोवती स्वच्छ कडं उमटलं होतं. औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीवर नवा उपाय सापडला, म्हणून विभागप्रमुख बाई हरखल्या होत्या. पण पुढच्या तिन्ही खेपांना बुरशी बशीभर माजली.

"पहिल्या खेपेलाच काहीतरी चुकलं असेल. उद्या हा जिवाणू पुढच्या चाचण्यांच्या यादीतून काढू," बाई म्हणाल्या.

बशांतलं जिवाणूंचं खाद्य समुद्राच्या पाण्यात कालवायचं असे. ते पाणी संपलं म्हणून या तीन खेपांना मावशीने नळाच्या पाण्यात मीठ घालून भागवलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. निवृत्तीला आठच महिने उरले होते. तरी ती बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, चूक माझी आहे. पाणी बदललं होतं मी."

बाईंनी यादी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "उभ्या काय राहिलात? समुद्राचं पाणी मागवा."

पाणी आल्यावर मावशीने बशा पुन्हा भरल्या. पाचव्या सकाळी तिने भीतभीतच बशी उजेडात धरली. बुरशी जिवाणूपासून बोटभर लांब थांबली होती. औषध व्हायला अजून कितीतरी वर्षं लागणार होती, पण जिवाणू यादीत राहिला.