पार्टनर बदला म्हटलं की बाबा हलायचे नाहीत

माझे सासरे नाचता नाचता गेले, असं आमच्या नातेवाइकांत बोललं जातं.

तसं काही झालं नाही. ते हॉस्पिटलमध्ये गेले, सकाळी, हृदय थकलं म्हणून. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी स्टुलावर बसल्या होत्या.

पण बाबा नाचायचे, हे मात्र खरं. आज त्यांना जाऊन वर्ष झालं. म्हणून नीट सांगते.

बाबा नरखेडकडचे. सारी उमर संत्र्याच्या बागेत गेली. मग बाग धाकट्या भावाकडे सोपवून दोघं आमच्याकडे शहरात, मनीषनगरला राहायला आले. इथे करायला काहीच नव्हतं. बाबा बाल्कनीत उभे राहून समोरच्या बिल्डिंगच्या कामावर देखरेख करायचे.

मी रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये स्विंग शिकवते. जुन्या अमेरिकन जॅझवर जोडीनं करायचा नाच.

एक जण लीड करतो, म्हणजे हातानं दिशा देतो. दुसरा फॉलो करतो, म्हणजे ती ओळखून चालतो. आणि दर गाण्याला पार्टनर बदलतो. जगभर हीच पद्धत आहे, असं मी सगळ्यांना ठासून सांगायचे.

आई आधी नुसत्या बघायला आल्या. मग एका रविवारी पदर खोचून उभ्या राहिल्या.

बाबा त्यांच्यावर लक्ष ठेवायला आले. तेही उभे राहिले.

गाणं संपलं. मी म्हटलं, "पार्टनर बदला."

सगळे सरकले. बाबा आईंचा हात धरून तिथेच.

"आमचं बदलत नाही," ते म्हणाले.

हॉलमध्ये हसू फुटलं. बाबा हसले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी मलाच विचारलं, "प्राची, हे बदलाचं कोणं ठरवलं?"

मी समजावलं. वेगवेगळ्या माणसांसोबत नाचलं की हात तयार होतो. नवीन माणूस एकटा पडत नाही.

"मले साऱ्या जगासंगं नाचाचं नाही. हिच्यासंगं नाचाचं आहे."

मला ते फार गोड वाटलं.

आईंना नाही वाटलं. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अन् मले? मले विचारलं का कोणं? मी का भाजीची पिशवी आहो, कोणाच्या हाती द्याची ते तुमी ठरवान?"

बाबा जेवले नाहीत त्या दिवशी. म्हणजे, आईंसोबत जेवले नाहीत. नंतर एकटेच जेवले.

पुढच्या रविवारी आई माझ्यासोबत आल्या आणि बदलत्या पार्टनरांसोबत नाचल्या. बाबा आले, पण भिंतीशी खुर्ची घेऊन बसले. तोंड पेपरात.

आमच्याकडे एक बँकेतला मुलगा यायचा. उत्साही, पण ओढून नाचणारा. त्यानं आईंना जोरात फिरवलं.

आई थांबल्या. "हळू, बेटा. खांदा दुखून राहिला माझा."

तो सॉरी म्हणाला आणि पुढचं सगळं गाणं हलक्या हातानं नाचला. झालं, एवढंच.

पण बाबांनी पेपर खाली ठेवला होता.

घरी चालत येताना त्यांनी आईंना विचारलं, "तुले दुखते तं मले काहून नाही सांगितलं? मी बी तं फिरवत होतो."

"तुमाले सांगून का होते? तुमी गाणं संपेवर हात सोडत नाही."

मी दोन पावलं मागे राहिले. लिफ्टमध्ये शिरताना बाबांनी आईंच्या हातातली बॅग घेतली, आणि घेताना आधी खांद्याकडे बघितलं.

मग पुढच्या रविवारी माझ्यासमोर येऊन उभे.

"मले ते दुसरं शिकव. फॉलो."

त्यावरूनही क्लासमध्ये वाद झाला. पुरुषानं फॉलो केलं तर कसं दिसतं, हे नाचाच्या स्टाइलमध्ये बसतं का, वगैरे. ग्रुपवर लांबलचक मेसेज आले. बाबांनी एकही वाचला नाही. आई लीड शिकल्या, बाबा फॉलो.

फॉलोअर म्हणून बाबा वाईट होते, हे मी प्रेमानंच लिहिते. आईंनी हात उचलायच्या आधीच वळायचे.

"अवो, थांबा ना. मी अजून काही सांगितलंच नाही."

"आदत नाही ना वं," बाबा म्हणायचे. आणि खरंच थांबायचा प्रयत्न करायचे. ओठ घट्ट मिटून, शाळेतल्या मुलासारखे.

हळूहळू जमलं. इतरांसोबतही नाचू लागले. त्या बँकेतल्या मुलासोबत नाचून आले आणि मला कानात म्हणाले, "पोरगा सुधरला."

बाबांची मतं मात्र भरपूर होती. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या जोडीनं उड्या, गिरक्या, सगळं करून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "चांगलं आहे. पण नाचता नाचता एकमेकाशी बोलता येत नसन, तं मग जोडीनं काहून नाचाचं?"



आमच्या क्लासचा नियम आता बदलला आहे. ज्याला पार्टनर बदलायचा त्यानं बदलावा, ज्याला नाही त्यानं नाही. कोणी नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. हा नियम आई-बाबांच्या भांडणातून आला.

बाबा गेल्यावर आई कित्येक महिने हॉलकडे फिरकल्या नाहीत. मी आग्रह केला नाही. गेल्या महिन्यात स्वतःच आल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना "आज नाही" म्हणाल्या आणि गाणी ऐकत बसल्या. पुढच्या वेळी माझा हात धरला. त्या लीड, मी फॉलो. गाणं संपल्यावर पाणी प्यायल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बरं वाटलं."

आज रविवार आहे. मी हे लिहीत बसले आहे आणि आई केव्हाच्या तयार होऊन दारात उभ्या आहेत.

"लिहिणं झालं असन तं चाल वं. उशीर होऊन राहिला."

निघतो आम्ही, बाबा.

नमस्कार.