आत्याने सभा उठवली

माझी आत्या कॉलेजात राष्ट्रवादाचा इतिहास शिकवायची. वर्गात पोरं चक्क घोरायची; आत्याला वाटायचं, डोळे मिटून विचार करतायत. ती निवृत्त झाल्यावर एक दिवस भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन एक गलेलठ्ठ पाहुणा दारात उभा. शेवटच्या बाकावरचा पेंगुळ्या! आता एका पक्षाचा प्रचारप्रमुख.

"बाई, तुमच्यामुळेच आम्ही निवडून येतोय."

"माझ्यामुळे? मी काय केलं रे मेल्या?"

"तुम्हीच शिकवलंत की! आधी सांगायचं, आपण सगळे एक. मग सांगायचं, वरच्या शहाण्यांनी आपल्याला लुबाडलं. मग सांगायचं, आमचा नेता म्हणजेच तुमचा आवाज."

आत्या मटकन खाली बसली. "अरे, मी तो रोग म्हणून शिकवला होता! तू औषध म्हणून वाटतोयस?"

पेंगुळ्या गोड हसला आणि संध्याकाळच्या सभेत सत्काराचं आमंत्रण देऊन गेला. त्याला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून आत्या तरातरा निघाली. मागोमाग मी.

नेता अजून यायचा होता; मैदानात "आमचा नेता, लोकांचा आत्मा!" अशा घोषणा चालल्या होत्या. आत्याने माईक धरला. "हे 'लोकांचा आत्मा' म्हणून जे ओरडताय ना, ते परक्या देशांतल्या विद्वानांच्या डोक्यातून आलंय! दोनेकशे वर्षांपूर्वी त्यांनी खेड्यापाड्यांतली गाणी गोळा केली आणि म्हणाले, प्रत्येक समाजाचा आत्मा त्याच्या भाषेत असतो. कल्पना गोड होती. पुढच्यांनी तिला कुंपण घातलं, आतले ते आपले, बाहेरचे ते परके!"

टाळ्यांचा कडकडाट.

"टाळ्या कसल्या वाजवता? तुम्हाला बनवतायत!"

शिट्ट्या! "बाईंचा विजय असो!" आत्याचे कान लाल, आवाज टिपेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"मी सांगेन ते ऐकाल?"

"ऐकू!"

"मग उठा आणि घरी जा!"

आणि अख्खं मैदान उठलं हो! घोषणा देत, लेकरांना खांद्यावर घेऊन, खिदळत सगळे घरी. पेंगुळ्या "अहो बसा, अहो थांबा" करत खुर्च्यांमधून धावतोय, तेवढ्यात नेत्याची गाडी आली. खाली उतरून त्याने सवयीने रिकाम्या खुर्च्यांना हात हलवून दाखवला.

परतताना बसमध्ये आत्याची हसून हसून मुरकुंडी वळली.

"जिंकलीस की!" मी म्हटलं.

"कसली जिंकते? घरी का जायचं, हे एकानेही विचारलं नाही." तिने डोळे पुसले. "आणि खरं सांगू? मला इतकं आवडलं ना गं! आणखी थोडा वेळ तिथे असते, तर सगळ्यांना परत बोलावलं असतं."