गॅरेजवरच्या खोलीतली ऊब

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आणि माझा नवरा समीर तिथून उठून चहा करायला जाणारी माणसं. दोघंही इंजिनिअर, असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी हे लिहितेय...

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. गॅरेजच्या वर एक खोली आहे. सासूबाई नागपूरहून यायच्या तेव्हा ती त्यांची. वर छपराखालचा रिकामा माळा, म्हणजे अ‍ॅटिक, खाली थंडगार गॅरेज – हिवाळ्यात खोलीचा नुसता फ्रीज व्हायचा. आई दोन स्वेटर चढवून पलंगाच्या कडेला बसायच्या आणि वर म्हणायच्या, "मला कुठे थंडी वाजते? तुम्हीच नाजूक."

समीर दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या वेळी तू येशील तेव्हा इन्सुलेशन करून ठेवतो." गेल्या वर्षी आई नागपुरातच गेल्या.

या जानेवारीत शेवटी ते काम केलं. कंपनीच्या माणसांनी जाड पाइपने अ‍ॅटिकमध्ये आणि गॅरेजच्या छतात थंडी अडवणारं, कापसासारखं इन्सुलेशन फुंकून भरलं. धूळ जाऊ नये म्हणून खोलीच्या दाराला बाहेरून टेप लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टेक्निशियन तपासायला आला, त्यानेच ती काढली. त्याच्या थर्मल कॅमेऱ्यात गार जागा निळी दिसते, गरम जागा पिवळी. भिंती, छत सगळं एकसारखं दिसत होतं. मग तो पलंगाशी थांबला.

"इथे आत्ता कोण बसलं होतं?" त्याने इंग्लिशमध्ये विचारलं.

पलंगाच्या कडेला पिवळा डाग होता. बसलेल्या माणसाएवढा.

"कोणीच नाही," मी म्हटलं.

समीरने चादरीवर हात ठेवला. मग माझा हात धरून तिथे ठेवला. चादर कोमट होती... खिडकी उत्तरेला, ऊन येत नाही. हीटरची जाळी समोरच्या भिंतीला. घरात कुत्रं-मांजर नाही.

समीर त्या जागेला लागून बसला. "उशीर केला गं मी, आई," एवढंच म्हणाला. टेक्निशियनला मराठी येत नव्हतं, पण तो हळूच बाहेर गेला. पाच-दहा मिनिटांत चादर गार झाली. खोली मात्र उबदारच होती.

रिपोर्टमध्ये त्या फोटोखाली त्याने लिहिलंय – कारण कळलं नाही. आम्हालाही अजून कळलेलं नाही. भीती कधीच वाटली नाही, हेही खरं. समीर हल्ली ऑफिसचं काम त्याच खोलीत करतो, आणि पलंगावर मला साधे धुतलेले कपडेही ठेवू देत नाही.