हात नको लावू

शेजारच्या घरी भरदुपारी कापूर जळाला, की मी उठून खिडकी लावून घेते. बाकीच्यांना त्या वासानं प्रसन्न वाटतं म्हणे, वाटो बापडं. मला मात्र बहादरपूरची ओसरी आठवते, चैत्रातलं रखरखीत ऊन, केळीच्या बागेतल्या मोटरीची एकसुरी घरघर, आणि चटईवर आडवी झालेली माझी धाकटी काकू.

कॉलेजच्या सुटीत मी तिथं गेले होते. जेवणं उरकून काकू जरा पडली, आणि थोड्या वेळानं पाहते तर तिचे डोळे सताड उघडे, बुबुळं तेवढी फिरताहेत, अंग ताठ, घशात बारीक घुरघुर. मी खांद्याला हात लावणार, तोच मोठ्या काकूनं मला मागं ओढलं. "हात नको लावू. देवी आली तिच्यात." झालं! शेजारणी धावत आल्या, दुरूनच हळदीकुंकू वाहिलं, कापूर पेटला, टाळ्यांवर आरती सुरू झाली. एकीनं तर सुनेला दिवस कधी जातील तेही विचारून घेतलं. अंगात आलेल्या बाईला शिवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे घरभर बायका असून तिला कोणाचं बोटही लागलं नाही.

बऱ्याच वेळानं ती आपोआप सुटली, घामानं चिंब. बायका गेल्यावर तिनं मला मोरीपाशी गाठलं. "मला सगळं ऐकू येत होतं, बाई. छातीवर कोणी बसलं होतं. मी आतून म्हणत होती, कोणी तरी हलवा मला. आणि तुम्ही आरती करत होते." मोठ्या काकूला तिनं हेच सांगून पाहिलं, पण तिच्या मते हे बोलणंसुद्धा देवीचंच. तेव्हापासून काकू दुपारची पडायला भ्यायची. डोळे मिटू लागले की उठून घासलेली भांडी पुन्हा घासायची. अगदीच आडवं व्हावं लागलं तर मला उशाशी बसवायची. सुटी संपल्यावर तिच्या उशाशी कोण बसलं, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे. परवाच्या रविवारी दुपारी जाग आली, वर फिरणारा पंखा दिसत होता, आणि बोटसुद्धा हलेना. छातीवर कोणीतरी होतं. हे दारात आले. सकाळी आमची जरा जुंपली होती. माझे उघडे डोळे पाहून त्यांनी विचारलं, "चहा ठेवू का?" मी आतल्या आत जिवाच्या आकांतानं ओरडले. ते थोडं थांबले, अजून रुसलीच आहे असं समजून त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

माणसं वाईट नव्हती, तिचीही नाहीत आणि माझीही नाहीत. इतक्या वर्षांत गावात कायकाय बदललं, पण आत अडकलेल्या बाईचा आवाज बाहेर येत नाही तो नाहीच. हल्ली दुपारी पडण्याआधी मी यांना बजावते, मी कितीही रागावलेली दिसले तरी मला हलवा. ते हसतात. मी उघड्या डोळ्यांनी पडून राहते.