चादरीचं दुसरं टोक

आमच्या मावशीला राजकारणातलं काही कळत नाही, असं ती स्वतःच सांगते आणि सांगता सांगता समोरच्याच्या हातात चादरीचं टोक देते. माणूस फसतो तो तिथेच.

मावशीची लाँड्री आहे. दवाखान्याच्या आणि लॉजच्या चादरी तिच्याकडे धुवायला येतात. शर्टाची घडी एकट्याने घालता येते, पण मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. काका दिवसभर इस्त्रीला चिकटलेले. त्यांना हाक मारली की ‘आलो’ एवढं येतं, काका येत नाहीत. म्हणून कपडे न्यायला जो येईल त्याला मावशी म्हणते, ‘धरा जरा.’ एकदा धरलं की सुटका नाही. दोन्ही हात अडकलेले, खिशातला फोन वाजून वाजून दमतो. चादर झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकांजवळ यायचं आणि कोपरे समोरच्याच्या हातात द्यायचे. इतक्या जवळ येऊन गप्प राहणं भल्याभल्यांना जमत नाही. आणि हातातून चादर खाली पडली, तर ती पाडणाऱ्याने पुन्हा धुवायची, हा दुकानाचा कायदा.

मावशी जोड्या मुद्दाम लावते. ज्यांचं पटत नाही त्यांच्या वाट्याला सगळ्यात लांब चादरी. अशाच घड्या घालता घालता गल्लीतला बंद दिवा लागला, कचऱ्याची गाडी आतपर्यंत यायला लागली. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही तिने ढीग संपेपर्यंत सोडलं नाही. तो पडला, पण त्याचे कोपरे नीट जुळायचे, हे मावशी अजून मानते.

पण त्या दिवशी मावशीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लाँड्रीमागचं सामाईक अंगण, जिथे तिच्या दोऱ्या बांधलेल्या आणि नळ आहे, ते पार्किंगसाठी एका कंत्राटदाराला द्यायचं घाटत होतं. संध्याकाळी पालिकेचे साहेब येऊन गल्लीचं म्हणणं ऐकणार होते. गल्लीचा एकमताने विरोध नसेल तर अंगण कंत्राटदाराला. अंगण गेलं की लाँड्री गेली, आणि लाँड्री गेली की मावशी-काका सुनेच्या घरी, कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या फटीत. सून चांगली आहे. फट लहान आहे.

आणि एकमत व्हायचं कसं? पुढच्या इमारतीचे पुढारी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. मागच्या इमारतीचा पुढारी गाडी शिकवणारा. त्याला सगळे ‘क्लच’ म्हणतात, कारण झोपेतही तो तेवढंच ओरडतो. क्लचच्या एका शिष्येने गाडी मागे घेताना मास्तरांच्या कुंड्या चिरडल्या, तेव्हापासून कित्येक वर्षं दोघांत बोलणं बंद. मास्तर अंगण वाचवायच्या बाजूचे. क्लचचं काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मावशीने दोघांनाही एकाच वेळी कपडे न्यायला बोलावलं. मास्तरांच्या हाती टोक दिलं, आणि क्लच दारात येताच दुसरं त्याच्या हातात कोंबलं. चादर दवाखान्याची, नवी कोरी.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चादर ताठ झाली. मास्तर मागे सरकले. क्लचही सरकला. शिवण करकरली. काकांनी इस्त्री उभी ठेवली, म्हणजे प्रसंग किती बाका होता ते ओळखा. दाराबाहेर दोन्ही इमारतींतली माणसं जमली होती. आत यायला कोणी तयार नव्हतं, जायलाही.

‘अंगठा आत घ्या,’ मास्तर शेवटी म्हणाले. ‘कोपरा निसटतोय.’

‘मला शिकवू नका.’

‘मग नीट धरा.’

इतक्या वर्षांनंतरचं पहिलं संभाषण हे. तरी मावशीचा जीव जरा भांड्यात पडत होता, तेवढ्यात कंत्राटदाराचा मेहुणा आत आला. साहेब कोपऱ्यावर पोहोचल्याचं त्याने सांगितलं, आणि सगळ्यांदेखत क्लचच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, की तुमच्या दोन्ही गाड्यांची फुकट जागा पक्की आहे, तुम्ही फक्त ठरल्याप्रमाणे हो म्हणा.

मास्तरांच्या मुठी पांढऱ्या पडल्या. आता ते चादर टाकून निघून जाणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मावशीलाही दिसलं. जन्मभर दुसऱ्यांना बोलतं करणाऱ्या त्या बाईला स्वतःला एक शब्द सुचेना.

मास्तर निघाले, पण दाराकडे नाही. चादर हातात घेऊन ते सरळ क्लचपर्यंत चालत आले आणि त्यांनी आपले कोपरे पुढे केले.

‘कुंड्यांचं मी सोडून दिलं,’ ते म्हणाले. ‘पण कंत्राटदाराला हो म्हणायचं असेल तर माझ्याकडे बघून म्हणा.’

‘मी शब्द देऊन बसलोय हो, मास्तर.’

‘कोणाला विचारून?’

क्लचने मास्तरांचे कोपरे घेतले, आणि तेवढ्यात साहेब दारात उभे. साहेबांना घाई होती. त्यांनी विचारलं, अंगण द्यायला कोणाची हरकत आहे का. मास्तरांनी हात वर केला. मेहुणा क्लचकडे बघून मान डोलावत राहिला. क्लचने बाहेर पाहिलं. त्याच्या इमारतीतल्या बायका, त्यांची सासरची मंडळी, सगळी त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

‘मागच्या इमारतीचीही हरकत आहे,’ तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की साहेबांनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा त्याने ती अशी सांगितली, की पार गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेली. शिकवणाऱ्याचा गळाच तो.

साहेबांनी गल्लीचा विरोध असल्याचं सांगून टाकलं आणि अंगणाचा विषय तूर्त मिटला. मेहुणा जाताना क्लचच्या कानाशी वाकला. रस्त्यावर गाड्या उभ्या करताना जपून, एवढंच म्हणाला. क्लच मटकन स्टुलावर बसला.

‘उद्यापासून हे लोक माझ्या गाड्या उचलतील,’ तो मास्तरांना म्हणाला.

‘उचलायला येतील तेव्हा हाक मारा,’ मास्तर म्हणाले. ‘आम्ही सगळे खाली येऊ. मी बनियनवरही येईन.’

तसं झालं तर गाड्यांआधी उचलणारेच पळतील, असं काका इस्त्रीमागून म्हणाले. क्लच हसला नाही, पण त्याने मास्तरांना आपला फोन नंबर दिला. मावशी यातलं काही ऐकायला थांबली नव्हती. ऊन उतरत होतं आणि मागे अंगणात लॉजच्या चादरी अजून दोरीवर होत्या.