घाटमायची हाक

घाटमाय नदीपलीकडच्या माणसाशी ओरडून बोलायची, आणि शेजारी बसलेल्याशीही ओरडूनच. कुजबुजणं तिला जमायचंच नाही. सोयरिकीच्या नाजूक गोष्टी तिच्यासमोर कोणी काढत नसे.

चांदा जिल्हा तेव्हा एकच होता आणि चामोर्शीकडच्या आमच्या नदीवर पूल नव्हता. माझं घर एका काठाला, मी मास्तर होतो ती शाळा दुसऱ्या. रोज डोंग्यातून जाणं-येणं. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की तिचं पाणी आमच्या लहानशा नदीत उलटं चढायचं, डोंगे झाडांना बांधले जायचे आणि मी शाळेतच अडकायचो. हे चढतं पाणी खळखळ करत नाही, त्यामुळे पलीकडची हाक नीट ऐकू यायची. घाटमाय, एका डोंगेवाल्याची विधवा, दिवस मावळायच्या आधी घराकडच्या काठावर, खडकावर उभी राहायची आणि तोंडाशी हात धरून अडकलेल्या प्रत्येकाला घरची खबर द्यायची. "तुकाराम, म्हैस व्याली. तुही सासूबी आली." दोन्ही खबरा एकाच सुरात.

कोणी गेल्याची वाईट खबर मात्र ती पाण्यावरून कधी पाठवत नसे. तेव्हा एवढंच म्हणायची, "पानी उतरलं का ये. तवर जेवत जाय." याचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक. मी एकदा तिला चिडवलं, "माय, हे तर सांगितल्यासारखंच झालं." ती म्हणाली, "अर्धं समजलं का मानूस काठावर बसून राह्यते, मास्तर. पुरं समजलं का पान्यात उतरते." तिचं पोर तापानं गेलं, तेव्हा कोणीतरी ते पलीकडे अडकलेल्या तिच्या नवऱ्याला ओरडून सांगितलं होतं. त्यानं तसाच पुरात डोंगा सोडला, तो परत आला नाही. हे मला मागाहून कळलं. पुन्हा मी तिला त्यावरून चिडवलं नाही.

माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण आलं ते नेमकं पुरात. सकाळी घाटमायनं हाक दिली, "सुईन आली." मग दिवसभर काही नाही. संध्याकाळी ती खडकावर आली आणि आधी बाकीच्यांच्याच खबरा देत बसली. शेवटी ती म्हणाली, "मास्तर," आणि तिनं तोंडाशी धरलेले हात खाली घेतले. आता ते जेवायचं सांगणार, असं मला वाटलं.

"मांगं सरका पयले," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. पोटऱ्या पाण्यात होत्या. मी मागे सरकलो.

"पोरगी झाली. बाईनं पेज पेली. पोरीचं नाक तुमच्यावर गेलं, त्याले इलाज नाई."

ती पोरगी चार-पाच वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. असाच पूर होता. खडकावर घाटमाय नव्हती, पोरीचं बोट धरून माझी बायको उभी होती. तिचा आवाज तो केवढासा, दोनदा वाऱ्यातच विरला. तिसऱ्यांदा ऐकू आलं, "पानी उतरलं का या. तवर जेवत जा."

बायको आणि पोर दोघी डोळ्यांसमोर धडधाकट उभ्या होत्या. कोण, असं मी विचारलं नाही. आईच्या मागे मला आई म्हणून घाटमायच होती. एक पाऊल पाण्याकडे पडलं, आणि मग माझा मीच मागे सरकलो. शाळेत येऊन चूल पेटवली, भात टाकला आणि रडत रडत पोटभर जेवलो.